लग्न आधी की व्हिसा आधी? परदेशी नागरिकाशी विवाह आणि प्रवेशाचे नियम

धागालेखिका

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न एका अमेरिकन नागरिकाशी ठरले आहे. दोघे एकमेकांना बऱ्याच वर्षांपासून ओळखतात, दोन्ही घरांची संमती आहे आणि लग्नानंतर संसार तिकडेच थाटायचा हेही नक्की आहे. अडले आहे ते आधी काय करायचे आणि नंतर काय, यावर. तिच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा आधीपासून आहे. त्यामुळे नात्यातली काही मंडळी ठामपणे सांगतात की तिने त्याच व्हिसावर जावे, तिथे लग्न करावे आणि ग्रीन कार्डाचा अर्जही तिथूनच भरावा. अनेकांनी असेच केले आहे. काहींच्या मते आधी इथे नोंदणी विवाह करून मग पत्नी म्हणून व्हिसा मागावा. एका सल्लागाराने वाग्दत्त वधूचा के-१ व्हिसा सर्वांत सोपा असल्याचे सांगितले, पण तो मिळाल्यानंतर पुढे काय करावे लागते, हे विचारल्यावर त्याला नीट उत्तर देता आले नाही.

आतापर्यंतच्या वाचनातून मला इतके कळले आहे की विवाहाचा कायदा आणि प्रवेशाचा कायदा यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे. एका देशात कायदेशीर झालेले लग्न दुसरा देश सहसा मान्य करतो. परंतु जोडीदाराच्या देशात राहण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही, तो वेगळ्या अर्जाने, वेगळ्या पुराव्यांनिशी आणि वेगळ्या अधिकाऱ्यापुढे मागावा लागतो. हे घरच्यांच्या गळी उतरवणे अवघड जाते आहे, कारण त्यांच्या दृष्टीने एकदा लग्न झाले की सगळे प्रश्न मिटले. ज्यांना या प्रक्रियेतून जावे लागले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. अनुभव इतर देशांचे असले तरी चालतील. माझ्यासारखे विचारणारे पुढेही येत राहतील.

पहिला प्रतिसाद

पर्यटक व्हिसाच्या सल्ल्याबद्दल आधी लिहितो, कारण सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते. पर्यटक व्हिसावर जाऊन लग्न करणे हा अमेरिकेत गुन्हा नाही. लग्न करून मुदतीच्या आत परत येणार असाल तर त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. आक्षेप आहे तो कायमचे राहण्याचे आधीच ठरवून, प्रवेशाच्या वेळी मात्र ‘फिरायला आले आहे’ असे सांगण्याला. कायद्याच्या दृष्टीने तो खोटी माहिती देऊन मिळवलेला प्रवेश ठरतो आणि तसा ठपका बसला तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते. तिच्यातून सूट मागता येते, पण त्यासाठी अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना पराकोटीची हालअपेष्टा सोसावी लागेल, हे सिद्ध करावे लागते. अनेकांनी असे केले आहे, हे तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे खोटे नाही. तिथे गेल्यावर ज्याचा बेत खरोखर बदलला, त्याला तिथूनच अर्ज करण्याची मुभा आहे. तुमच्या बहिणीचा बेत मात्र आधीच ठरलेला आहे, त्याबद्दलचे संदेश तिच्या फोनमध्ये आहेत, आणि विमानतळावरचा अधिकारी फोन उघडून पाहू शकतो.

आता के-१ विषयी. यासाठी नागरिक जोडीदार आय-१२९एफ हा अर्ज भरतो. अर्जापूर्वीच्या २ वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. केवळ व्हिडिओ कॉलवरची ओळख चालत नाही. व्हिसा मिळाल्यावर प्रवेशाच्या दिवसापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावे लागते आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. खरा त्रास पुढे सुरू होतो. लग्नानंतर ग्रीन कार्डासाठी आय-४८५ हा स्वतंत्र अर्ज, त्याचे स्वतंत्र शुल्क, आणि दरम्यान वर्क परमिट हाती येईपर्यंत नोकरी करता येत नाही. प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकले तर अर्ज सोडून दिला असे धरतात. त्या काळात घरी कोणी आजारी पडले तरी माणसाला सहज निघता येत नाही.

पत्नी म्हणून जायचे असेल तर आधी लग्न, मग आय-१३० हा अर्ज. तो मंजूर झाल्यावर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे शुल्क आणि कागदपत्रे पूर्ण झाली की वकिलातीत मुलाखत होते. या मार्गात इथे थांबावे लागते, पण ज्या दिवशी ती तिथे उतरेल त्या दिवशी ती कायम रहिवासी असेल आणि दुसऱ्या दिवसापासून नोकरी करू शकेल. प्रवेशाच्या वेळी लग्नाला २ वर्षे पूर्ण झाली नसतील तर सीआर-१ व्हिसा आणि २ वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, झाली असतील तर आयआर-१. सशर्त कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो, हे आत्ताच टिपून ठेवा. माझे स्पष्ट मत असे की दोघांना काही महिने वेगळे राहणे झेपणार असेल तर लग्न आधी करून हाच मार्ग धरावा.

एक सूचना सर्वांसाठी: हे सारे जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच. नागरिकाच्या पती-पत्नीला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पती-पत्नीला ती आहे, आणि के-१ तर ग्रीन कार्डधारकाला मागताच येत नाही.

दुसरा प्रतिसाद

ब्रिटनचा अनुभव लिहिते. तिथे सर्वांत मोठा अडथळा उत्पन्नाचा आहे. जुलै २०१२ मध्ये नियम आला की परदेशी जोडीदाराला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ती रक्कम २९,००० पौंड झाली. या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले होते. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही असे सुनावले, परंतु किमान उत्पन्नाची अट मूलतः वैध ठरवली.

त्यातली बोचणारी गोष्ट अशी की परदेशातून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा स्वतःचा पगार यात धरला जात नाही. मी इथे चांगल्या नोकरीत होते, पण हिशेब फक्त माझ्या पतीच्या पगाराचा झाला. पगार कमी पडत असेल तर बचत दाखवता येते. परंतु पहिले १६,००० पौंड जमेस धरत नाहीत आणि त्यावरच्या बचतीला अडीचने भागतात. म्हणजे मोजण्याजोगे उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड ६ महिने खात्यात राखून दाखवावे लागतात.

आमचा पहिला अर्ज नामंजूर झाला, तेव्हा आमच्या नात्याविषयी कोणालाही शंका नव्हती. पतीच्या कंपनीने एका महिन्याचा पगार दोन हप्त्यांत जमा केला होता, त्यामुळे पगारपत्रकावरचा आकडा आणि बँकेच्या उताऱ्यावरचा आकडा जुळत नव्हता, आणि कंपनीचे खुलाशाचे पत्र वेळेत आले नाही. नकाराच्या पत्रात आमचे लग्न खरे असल्याचे मान्य केले होते आणि त्याच्याच खालच्या परिच्छेदात अर्ज फेटाळला होता. ते पत्र हातात घेऊन बसल्यावर माणसाला काय वाटते, ते मी कधीच विसरणार नाही. म्हणून सांगते, ६ महिन्यांची पगारपत्रके आणि उतारे शेजारी ठेवून एकेक आकडा पडताळून पाहा.

बाकी अटी निभावण्यासारख्या आहेत. ए१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, इंग्रजी माध्यमातील पदवी मान्य झाली तर तीतून सूट मिळते. भारतासारख्या देशांतून जाणाऱ्यांना क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड या दराने संपूर्ण मुदतीसाठी एकदम भरावा लागतो आणि तो व्हिसाच्या शुल्काव्यतिरिक्त असतो. हा खर्च लग्नाच्या खर्चाआधी बाजूला काढून ठेवावा.

धागालेखिका

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. के-१ चा विचार आम्ही सोडला आहे. दोन शंका आहेत. आय-१३० भरल्यानंतर बहिणीला मधल्या काळात पर्यटक व्हिसावर पतीला भेटायला जाता येईल का? आणि भावी मेहुण्यांची नोकरी सध्या अमेरिकेबाहेर आहे, त्याने काही बिघडते का?

तिसरा प्रतिसाद

पहिल्या शंकेबद्दल: अर्ज भरला म्हणून असलेला पर्यटक व्हिसा आपोआप रद्द होत नाही. मात्र कायमचे येण्याचा इरादा आता सरकारदरबारी नोंदला गेलेला असतो, त्यामुळे ‘तू परत जाशील कशावरून?’ हा प्रश्न अधिक कडक होतो आणि प्रवेश नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. जायचेच असेल तर नोकरीचे रजापत्र, परतीचे तिकीट आणि अर्ज इथल्या वकिलातीमार्फत चालू असल्याची कागदपत्रे सोबत असावीत, आणि विचारल्यावर लग्न झाल्याचे लपवू नये. मुदतीपेक्षा जास्त राहण्याचा विचारही करू नये. बेकायदा वास्तव्य सलग १८० दिवसांवर गेल्यानंतर बाहेर पडल्यास ३ वर्षांची आणि वर्षभर झाल्यास १० वर्षांची प्रवेशबंदी लागते.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे आणि ती वेळेत विचारलीत हे बरे झाले. नागरिक जोडीदाराला आय-८६४ हे पालनपोषणाचे हमीपत्र द्यावे लागते. त्यासाठी उत्पन्न तर संघीय दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवेच, शिवाय त्याचे वास्तव्य अमेरिकेत असावे किंवा पत्नी पोहोचेपर्यंत तो तिथे वास्तव्य सुरू करील हे दाखवावे लागते. बाहेरच्या नोकरीचे उत्पन्न तिथे गेल्यावर चालू राहणार नसेल तर ते उपयोगी पडत नाही. अशा वेळी तिथे राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो, बहुधा आईवडील किंवा भावंड होते. पण सही करणाऱ्याला हे समजावून सांगा की ती जबाबदारी कायदेशीर आहे आणि घटस्फोटाने संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत, तिच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, तिने देश कायमचा सोडेपर्यंत किंवा तिचा अथवा सही करणाऱ्याचा मृत्यू होईपर्यंत ती चालते.

पुराव्यांबद्दल थोडे. लोक लग्नाच्या दिवसाचे ढीगभर फोटो जोडतात, पण त्यातून फक्त एक दिवस सिद्ध होतो. अधिकाऱ्याला लग्नाआधीचा आणि नंतरचा काळ पाहायचा असतो: निरनिराळ्या वर्षांचे, निरनिराळ्या माणसांसोबतचे थोडे फोटो, भेटीसाठी केलेल्या प्रवासाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यावर किंवा खात्यावर लावलेले वारसाचे नाव. संभाषणाची हजार पाने छापून देऊ नयेत. प्रत्येक काही महिन्यांतले एखादे पान पुरते. माझ्या पत्नीच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने फाईल उघडलीच नाही. आम्ही पहिल्यांदा कुठे भेटलो, माझे काम नेमके काय आहे, माझ्या पहिल्या विवाहाचा शेवट कधी झाला, एवढेच तीन प्रश्न त्याने विचारले, आणि तिसऱ्याला तिने वर्षासकट उत्तर दिले तेव्हाच त्याने मान डोलावली. आधीचा विवाह, मुले, पूर्वी नाकारलेले व्हिसे या गोष्टी जोडीदाराला तपशिलाने माहीत असणे अत्यावश्यक आहे. ठरवून, थोड्या ओळखीवर झालेल्या लग्नांत तर इथेच संशय उत्पन्न होतो.

चौथा प्रतिसाद

कोणी ऑनलाइन लग्नाचा सल्ला दिला असेल तर एक खुलासा. अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका काउंटीत २०२० पासून दोघेही परदेशात असताना व्हिडिओद्वारे लग्न लागते आणि प्रमाणपत्रही मिळते. परंतु लग्नाच्या वेळी दोघे एकमेकांसमोर हजर नसतील तर स्थलांतराच्या कायद्यासाठी ते लग्न, त्यानंतर दोघे प्रत्यक्ष एकत्र येऊन वैवाहिक संबंध प्रस्थापित झाल्याखेरीज, धरले जात नाही. लग्नानंतरच्या भेटीचा पुरावा नसताना अर्ज करू नये.

पाचवा प्रतिसाद

जर्मनीबद्दल लिहितो, कारण तिथला अडथळा पैशाचा नाही, कागदांचा आहे. जर्मन नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला २००७ पासून, काही अपवाद वगळता, प्रवेशापूर्वीच जर्मन भाषेची ए१ परीक्षा द्यावी लागते. शिवाय भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात (एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणाऱ्या सरकारी शिक्क्याचा करार) असला तरी जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदवल्यामुळे आपले अपोस्टिल तिथे चालत नाही. जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला यांची जर्मन वकिलात स्वतः चौकशी करवते. म्हणजे जिथे जन्म नोंदला गेला तिथल्या दप्तरात जाऊन नोंद खरी आहे का ते पाहिले जाते. जन्माची नोंद वर्षांनी उशिरा झालेली असेल, शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असेल, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे असेल, तर हे प्रकरण महिनोन्‌महिने लांबते. कोणत्याही देशासाठी अर्ज करणार असाल तरी नावांची ही दुरुस्ती साखरपुड्याच्या सुमारासच हाती घ्यावी.

ही तपासणी टाळण्यासाठी अनेक जोडपी डेन्मार्कमध्ये जाऊन लग्न करतात, कारण तिथे कमी कागदांत लग्न लागते आणि ते जर्मनीत मान्यही होते. परंतु शेंगेनच्या, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांच्या सामाईक, पर्यटक व्हिसावर असे लग्न करून जर्मनीतच राहू पाहणाऱ्याला सहसा परत जाऊन कौटुंबिक व्हिसा घेऊनच यावे लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाबद्दल वर जे लिहिले गेले, तेच इथेही लागू आहे.

सहावा प्रतिसाद

उलट दिशेने, म्हणजे परदेशी जोडीदार भारतात येऊन राहणार असेल तर तेही सोपे नसते, म्हणून थोडक्यात लिहिते. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात विवाहाची सूचना (नोटीस) देण्यापूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य हवे आणि सूचना लावल्यानंतर ३० दिवस थांबावे लागते. परदेशी व्यक्ती कमी मुदतीच्या व्हिसावर आली असेल तर हे गणित आधी मांडावे. तिच्याकडून अविवाहित असल्याचा दाखलाही मागितला जातो. अमेरिकेत विवाहांची मध्यवर्ती नोंदच नसल्याने असा दाखला देणारे कार्यालय तिथे नाही, म्हणून शपथपत्र करावे लागते, आणि ते चालेल का हे विवाह अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्यावे.

लग्नानंतर परदेशी जोडीदाराला एंट्री म्हणजे एक्स व्हिसा मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी लग्न नोंदणीकृत असून ते अर्जापूर्वी सलग २ वर्षे टिकलेले असावे लागते. आमच्याकडे ही २ वर्षे फार जड गेली. माझे पती शिकलेले, कामाची सवय असलेले गृहस्थ. रोज सकाळी मी कामाला निघाले की ते दारापर्यंत येत आणि मग दिवसभर त्यांना करण्यासारखे काही नसे. नियम वाचताना हा भाग कोणाच्या लक्षात येत नाही, आणि भांडणे सुरू होतात ती मात्र यातूनच.

सातवा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातला शेवटचा मुद्दा मी पुढे नेऊ इच्छिते. जोडीदाराच्या व्हिसावर राहणारी व्यक्ती कायद्यानेच दुसऱ्यावर अवलंबून असते, आणि चांगल्या घरातही त्याचा ताण येतो. वाईट घरात त्याचे हत्यार होते. ‘तुझा अर्ज मागे घेईन’ ही धमकी ऐकलेल्या स्त्रिया मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांना बहुधा माहीत नसते की छळ होत असेल तर अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पतीच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो, आणि घटस्फोट झाला तरी लग्न खरे होते हे दाखवून सशर्त कार्डाची अट एकटीला काढून घेता येते. ब्रिटनमध्येही घरगुती हिंसाचाराला बळी पडलेल्या जोडीदारासाठी वेगळी तरतूद आहे. कॅनडाने तर नव्या जोडीदारांना लावलेली २ वर्षे एकत्र राहण्याची अट याच कारणाने २०१७ मध्ये काढून टाकली. तुमच्या बहिणीच्या घरी असे काही घडेल असे मी सुचवत नाही. परंतु पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि अर्जाच्या सर्व पावत्यांच्या प्रती तिच्या स्वतःच्या ताब्यात आणि स्वतःच्या ईमेलमध्ये असाव्यात, हा आग्रह मी प्रत्येक मुलीला करते.

पहिला प्रतिसाददाता

एक भर घालतो. नागरिकाला जोडीदार आणण्याचा मूलभूत हक्क आहे, असे आपण सगळे मनात धरून चालतो. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ खटल्यात नेमके हेच नाकारले. एका अमेरिकन स्त्रीच्या एल साल्वाडोरच्या पतीला वकिलातीने व्हिसा नाकारला होता. पुढे उघड झाले की त्याच्या अंगावरच्या गोंदणांवरून तो गुन्हेगारी टोळीतला असल्याचा संशय घेतला गेला होता. परदेशी पतीला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला. मला तो निकाल अन्यायकारक वाटतो. पण वकिलातीच्या निर्णयावर न्यायालयात दाद मिळणे किती कठीण आहे हे त्यावरून कळते, आणि म्हणूनच पहिल्याच अर्जात एकही विसंगती राहू न देण्याला इतके महत्त्व आहे. तिच्या जुन्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात नोकरी, पत्ता, वैवाहिक स्थिती काय लिहिले होते, ते शोधून काढा आणि नवा अर्ज त्याच्याशी ताडून पाहा. जुने अर्ज त्यांच्यासमोर असतात.

धागालेखिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी काल आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. पगारपत्रक न जुळल्याने नकार आल्याचा भाग ऐकल्यावर बाबांनी पर्यटक व्हिसाचा विषय स्वतःहून बंद केला. आता असे ठरले आहे की मेहुण्यांना पुरेशी रजा मिळेल तेव्हा इथे नोंदणी विवाह करायचा, त्यानंतर आय-१३० भरायचा, आणि मेहुण्यांनी त्याच काळात अमेरिकेत नोकरी शोधून वास्तव्य हलवायचे. त्यांची मोठी बहीण सहप्रायोजक व्हायला तयार आहे. हमीपत्राची जबाबदारी घटस्फोटानंतरही राहते, हे मेहुण्यांनी तिला सहीपूर्वीच सांगावे असे मी त्यांना कळवले आहे. माझी बहीण व्हिसा प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देणार नाही.

पाचव्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लगेच तपासली. तिच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव माहेरचे आहे आणि पासपोर्टवर सासरचे. ही दुरुस्ती आधी करून घ्यावी की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र पुरेल, हे ज्यांना प्रत्यक्ष अनुभवातून माहीत असेल त्यांनी कृपया लिहावे. नोंदणीसाठी अर्ज त्यानंतरच करणार आहोत.